जुना संगणक वेळेवर सुरू कसा होईल?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत घड्याळाचे महत्त्व किती आहे, हे शिक्षकांस सांगावयास नको. ३५ मिनिटांची तासिका. तीत मुलांना रांगेने आणून बसवावयाचे, मागचा पाठ आठवून द्यावयाचा, नवा भाग दाखवावयाचा, प्रत्येकाचा हात एकदा तरी कळफलकावर पडेल असे पाहावयाचे आणि घंटा होताच पुढच्या विषयाला लागावयाचे. अशा तासिकेत संगणक सुरू व्हावयास समजा १२ मिनिटे लागली, तर मुलांच्या वाट्यास २३ मिनिटेच उरतात. आठवड्यातून अशा तीन तासिका असल्या, तर ३६ मिनिटे, म्हणजे एक संपूर्ण तासिका, दर आठवड्यास काळ्या पडद्याकडे पाहण्यात जाते. ज्या मुलाच्या घरी संगणक आहे, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याला शाळेबाहेर संगणक पाहावयासही मिळत नाही, त्याची मात्र ही तासिका कायमची बुडते. म्हणून संगणकाचा मंदपणा हा केवळ यंत्राचा प्रश्न नसून शिक्षणाचा प्रश्न आहे.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत ही अडचण दोन रूपांनी येते. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात उन्हाळ्याची धूळ आणि विजेचा कमीजास्त होणारा दाब हे संगणकाचे वैरी. तेथे नारायणगाव किंवा मंचर जवळ असल्याने दुरुस्ती करणारा माणूस तरी लवकर भेटतो. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यावस्त्यांवर पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते, वीज जाते ती कधी कधी दोन दिवस येत नाही, आणि यंत्र दुरुस्तीस न्यावयाचे म्हटले, तर एस. टी.त मांडीवर घेऊन न्यावे लागते. त्यातून अनेक शाळांतील संगणक हे माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत किंवा एखादा कारखाना यांजकडून देणगीदाखल आलेले, म्हणजे दुसरीकडे चार-सहा वर्षे राबून आलेले असतात. असा संगणक मंदावला की दोनच उपाय सुचतात. एक, त्यावर चादर टाकून तो कोपऱ्यात ठेवणे. दुसरा, आतील सर्व पुसून नव्याने भरणे. हे दोन्ही उपाय शेवटचे आहेत. परंतु ते बहुधा प्रथम केले जातात.

आंबेगावच्या पश्चिम भागातील एका द्विशिक्षकी शाळेत घडलेली गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. त्या शाळेत देणगीदाखल आलेला एक संगणक होता. चौथीच्या मुलांनी आपापल्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, रानभाज्यांची नावे, ओढ्या-डोंगरांच्या जुन्या गोष्टी लिहून आणाव्यात आणि बाईंनी त्या मधल्या सुट्टीत संगणकावर उतरवाव्यात, असा क्रम तेथे तीन वर्षे चालला होता. एका पावसाळ्यात संगणक अडखळू लागला. कधी तीन-तीन वेळा कळ दाबावी तेव्हा सुरू होई, तर कधी सुरू होऊन मध्येच बंद पडे. दुरुस्तीस नेला, तेव्हा पाहणाऱ्याने सांगितले, “सगळे पुसून नव्याने भरावे लागेल.” बाईंनी “बरे” म्हटले. चार दिवसांनी संगणक परत आला तो नव्यासारखा. परंतु आतील ओव्या गेल्या होत्या. आठ दिवस तो नीट चालला आणि पावसाची झड लागताच पूर्वीसारखाच अडखळू लागला. पुढे केंद्रातील एका वडीलधाऱ्या गुरुजींनी विजेची तार काढून झाकण उघडले, आतील रॅमची पट्टी बाहेर घेतली, तिच्या सोनेरी दातांवरून पेन्सिलीचे खोडरबर हलके फिरविले आणि पट्टी पुन्हा घट्ट बसविली. संगणक पहिल्या कळीला सुरू झाला. दोष होता तो ओलीने मळ धरलेल्या चार बोटांच्या पट्टीत. पुसली गेली ती मुलांची वही. ज्या आज्यांनी त्या ओव्या सांगितल्या होत्या, त्यांपैकी दोघी तोवर हयात राहिल्या नव्हत्या.

या गोष्टीतून दोन नियम निघतात. पहिला, उपचारापूर्वी प्रत घ्यावी. दुसरा, दोष कोठे आहे हे कळल्यावाचून उपचार करू नये. पुढील सर्व विवेचन या दोन नियमांचाच विस्तार आहे.

१. प्रथम प्रत

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन शिलालेख आहे. त्यात दानाच्या गायी व नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षांनंतरही अभ्यासकांस ते वाचता येतात. संगणकातील अक्षरांस असे आयुष्य नाही. ज्या हार्ड डिस्कवर ती असतात, ती पाच-सात वर्षांत केव्हाही दगा देऊ शकते. म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदी, निकालपत्रके, छायाचित्रे व मुलांचे लेखन यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्य तर आणखी एक प्रत शाळेबाहेर सुरक्षित ठेवावी. मुलांची व्यक्तिगत माहिती असलेला पेनड्राइव्ह कुलपात ठेवावा, हे वेगळे सांगावयास नको.

संगणक मुळीच सुरू होत नसला, तरी आतील मजकूर गेला असे समजू नये. हार्ड डिस्क बाहेर काढून एका लहानशा जोडणीने दुसऱ्या संगणकास लावता येते व मजकूर उतरवून घेता येतो. दुरुस्ती करणाऱ्याकडे यंत्र देतानाच “आतील काही पुसावयाचे झाल्यास आधी विचारावे” असे चिठ्ठीवर लिहून द्यावे व त्याची सही घ्यावी.

मराठी मजकुराबाबत आणखी एक दक्षता हवी. आज सर्वत्र युनिकोड पद्धतीने मराठी लिहिले जाते; परंतु जुन्या शाळांतील कित्येक कागद श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फाँटांमध्ये टंकित केलेले असतात. असा कागद वाचवला, पण त्याचा फाँट वाचवला नाही, तर पडद्यावर अक्षरांऐवजी अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. म्हणून कागदांबरोबर फाँटांचीही प्रत घ्यावी.

२. घड्याळ लावून पाहणे

ताप आलेल्या मुलास औषध देण्यापूर्वी वैद्य नाडी पाहतो. संगणकाची नाडी म्हणजे त्याचा वेळ. कळ दाबल्यापासून काम करता येईपर्यंतच्या काळाचे तीन टप्पे पाडावेत. पहिला टप्पा, कळ दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत. यात यंत्र स्वतःचे अवयव तपासते. दुसरा, चिन्ह दिसल्यापासून परवलीचा शब्द विचारला जाईपर्यंत. यात मूळ कार्यप्रणाली हार्ड डिस्कवरून वाचली जाते. तिसरा, परवलीचा शब्द दिल्यापासून एखादी फाइल प्रत्यक्ष उघडेपर्यंत. यात आपोआप सुरू होणारे इतर प्रोग्रॅम उठून बसतात.

हे तिन्ही काळ तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून वहीत लिहावेत. एक दिवसाच्या मोजणीवर विसंबू नये, कारण त्या दिवशी अद्ययावतीकरणाचे काम चालू असण्याचा संभव असतो. पहिला टप्पा लांबत असेल, तर दोष जोडण्यांत, सेलमध्ये किंवा मदरबोर्डच्या मांडणीत शोधावा. दुसरा लांबत असेल, तर हार्ड डिस्ककडे पाहावे. तिसरा लांबत असेल, तर प्रोग्रॅमांची गर्दी किंवा रॅमची तूट हे कारण बहुधा सापडते. ज्याने एवढे मोजले, त्याने अर्धी दुरुस्ती केली.

३. मुळीच सुरू न होणारा संगणक

संगणक निपचित पडला असेल, तर तपासणी बाहेरून आत करीत यावी. भिंतीवरील खटक्याला वीज आहे काय? यूपीएस स्वतः जिवंत आहे काय? यूपीएसची बॅटरी बहुधा तीन-चार वर्षांत थकते आणि मग वीज असूनही संगणकाला ती धडपणे पोचत नाही. मागच्या बाजूची तार सैल झालेली नाही ना? तेथील लहान खटका मुलांच्या हाताने बंद झालेला नाही ना? दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे, अशा वेळी पडद्याची स्वतंत्र वीजतार व चित्राची तार या दोन्ही पाहाव्यात. यंत्राने पीं-पीं असा आवाज केल्यास तो किती वेळा व किती लांब होतो, हे लिहून ठेवावे. प्रत्येक कंपनीच्या मदरबोर्डाची ही भाषा वेगळी असली, तरी दुरुस्ती करणाऱ्यास तीवरून दोष ओळखता येतो.

झाकण उघडावयाचे झाल्यास भिंतीवरील खटका बंद करून तार प्रत्यक्ष उपसून काढावी, मग सुरू करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरावी आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् जाऊ द्यावी. हमीची मुदत चालू असलेल्या यंत्राचे सील तोडू नये. वीज पुरविणारी जी बंद पेटी मागे असते, ती कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. तार काढल्यानंतरही तीत धोकादायक वीज साठून राहते. हे सर्व काम मुले वर्गात नसताना करावे.

आत बहुधा धूळ, कोळ्याची जाळी आणि मुंग्या सापडतात. कधी कधी उंदराने कुरतडलेली तारही सापडते. मऊ कुंचल्याने धूळ काढावी. पंखा हवेच्या झोताने गरगर फिरू न देता बोटाने धरून मग साफ करावा. पंखा चोंदला म्हणजे प्रोसेसर तापतो, तापला म्हणजे स्वतःची गती कमी करतो, आणि फारच तापला तर यंत्र आपोआप बंद होते. “सुरू होतो आणि पाच मिनिटांनी बंद पडतो” या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. रॅमची पट्टी काढून वर सांगितल्याप्रमाणे खोडरबराने स्वच्छ करावी, रबराचा भुगा झटकून टाकावा, सोनेरी दातांना बोट लावू नये, आणि दोन्ही बाजूंचे चाप आवाज होऊन बसतील इतपत ती दाबून बसवावी.

काम झाल्यावर झाकण पुन्हा लावावे. “हवा लागेल” म्हणून कित्येक ठिकाणी ते कायमचे उघडे ठेवले जाते, ते बरोबर नाही. धूळ व पाली आत जातात, एवढेच कारण नाही. संगणकाच्या विद्युत्-मंडलातून सूक्ष्म रेडिओ-लहरी बाहेर पडत असतात आणि धातूचे कॅबिनेट त्या बऱ्याच अंशी अडवून धरते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ती अवकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी टिपते. रेडिओ-गोंगाट कमी असणे हे तेथील जागा निवडण्याचे एक कारण होते. त्या परिसरातील शाळेने तरी झाकण लावलेलेच ठेवावे. मुलांना त्यामागचे शास्त्रही सांगावे.

४. पहिला टप्पा लांबत असेल तर

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचे नाव व ३ व्होल्ट हा त्याचा दाब. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. जुन्या यंत्रांत यंत्राची मांडणीही त्याच्याच आधारे लक्षात राहते. तो संपला की दररोज सकाळी तारीख मागील कोणत्या तरी वर्षाची दिसते, सुरू होताना यंत्र थांबून एफ-वन ही कळ दाबावयास सांगते, आणि इंटरनेटवरील शासकीय संकेतस्थळे “सुरक्षित नाही” असे सांगून उघडण्यास नकार देतात. कारण संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत संगणक आपल्या तारखेशी ताडून पाहतो. कित्येकदा शिक्षक इंटरनेटला दोष देत बसतात आणि खरा दोष अल्प किमतीच्या या सेलमध्ये असतो.

सेल बदलण्यापूर्वी यंत्राच्या मांडणीचे पडदे उघडून त्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. सेल काढल्यावर मांडणी मूळ पदावर जाऊ शकते, आणि हार्ड डिस्कची वाचनपद्धती बदलली गेल्यास विंडोज सुरूच होत नाही. छायाचित्र असले म्हणजे ती पुन्हा पूर्ववत् करता येते.

दुसरे कारण याहूनही साधे आहे. संगणक सुरू होताना आपली कार्यप्रणाली कोठे आहे, याचा शोध एका ठराविक क्रमाने घेतो. त्या क्रमात पेनड्राइव्ह, डीव्हीडी किंवा नेटवर्क हार्ड डिस्कच्या आधी असल्यास यंत्र तेथे अडून राहते. विसरून लावलेला पेनड्राइव्ह काढताच “कार्यप्रणाली सापडत नाही” म्हणणारा संगणक सुरळीत सुरू होतो. हार्ड डिस्क क्रमात प्रथम ठेवावी, म्हणजे हा फेरा वाचतो.

५. दुसरा टप्पा लांबत असेल तर

जुन्या हार्ड डिस्कमध्ये धातूची किंवा काचेची तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरून वाचनाचा दांडा पुढे-मागे सरकतो. ७२०० फेऱ्यांच्या तबकडीस एका फेऱ्याला सुमारे ८ सहस्रांश सेकंद लागतात. हा काळ अल्प वाटतो. परंतु सुरू होताना संगणकास इतस्ततः विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचावयाच्या असतात, आणि प्रत्येक फायलीसाठी दांडा हलून तबकडीची वाट पाहतो. दप्तरखान्यातील कारकुनाने एकेका कागदासाठी वेगळ्या कपाटापर्यंत चालत जावे, तसा हा प्रकार आहे. एसएसडी नावाच्या नव्या साठवणीत फिरणारा भागच नसतो. कारकून जागेवर बसूनच हवा तो कागद उचलतो. म्हणून जुन्या संगणकावर एकच खर्च करावयाचा झाला, तर तो बहुतेक वेळा एसएसडीवर करावा. कित्येक मिनिटांचे सुरू होणे त्याने मिनिटाच्या आत येते. जुन्या डिस्कवरील सर्व मजकूर जसाच्या तसा तीवर उतरवून घेता येतो. मात्र आतील डिस्कची तार अरुंद आहे की रुंद पट्ट्यासारखी आहे, हे आधी पाहावे. रुंद पट्ट्याची जोडणी फार जुनी असून आजची एसएसडी तीस सरळ लागत नाही.

नवा खर्च शक्य नसेल, तरी काही गोष्टी विनामूल्य आहेत. मूळ ड्राइव्ह काठोकाठ भरला असल्यास निरुपयोगी फायली काढून निदान सातवा-आठवा हिस्सा मोकळा करावा. फिरत्या तबकडीवरील विखुरलेल्या फायली एकत्र करण्याची सोय विंडोजमध्येच आहे, ती वापरावी. एसएसडीवर मात्र हा उपाय करू नये, त्याचा तेथे उपयोग नाही व तिचे आयुष्य व्यर्थ झिजते. संगणक दर वेळी सुरू होताना डिस्क तपासत बसत असेल, तर त्याचा अर्थ दोनपैकी एक: वीज अचानक जाऊन तो वारंवार अर्धवट बंद होत आहे, किंवा डिस्कच निकामी होत चालली आहे. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, तर दीर्घ तपासणी लावू नये. त्या श्रमाने उरलीसुरली डिस्कही जाते. यंत्र बंद ठेवून प्रथम मजकूर उतरवून घ्यावा.

६. तिसरा टप्पा लांबत असेल तर

लग्नघरी यजमानाने चौघांना बोलवावे आणि प्रत्येकाने आपले दहा सोबती आणावेत, तसे प्रोग्रॅमांचे होते. एक छपाईयंत्र जोडले की त्याबरोबर शाई मोजणारा, एक खेळ घेतला की त्याबरोबर बातम्या सांगणारा, असे अनेक आगंतुक संगणक सुरू होताच उठून बसतात. विंडोज ८ पासून पुढे कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ या भागात ही यादी दिसते. विंडोज ७ मध्ये ती ‘एमएसकॉन्फिग’ या आज्ञेने मिळते. जो प्रोग्रॅम दररोज लागत नाही, त्यास तेथे मनाई करावी. तो पुसला जात नाही. हाक मारली म्हणजे येतो, इतकेच. विषाणुरोधक, आवाज व पडद्याचे चालक आणि मराठी कळफलकाचा प्रोग्रॅम यांना हात लावू नये. अन्यथा दुसऱ्या दिवशी मराठी उमटत नाही म्हणून नवी तक्रार सुरू होते. एका वेळी दोन-तीनच प्रोग्रॅम बंद करावेत, वेळ पुन्हा मोजावा व फरक लिहावा.

विषाणुरोधक एकच असावा. दोन ठेवले, तर ते एकमेकांवरच पहारा देतात. पेनड्राइव्हमधील फोल्डर अदृश्य होऊन त्यांच्या जागी ‘शॉर्टकट’ दिसू लागले, तर विषाणू शिरला असे समजावे. केंद्रातील बैठकीत एकच पेनड्राइव्ह दहा संगणकांना लागतो, तेव्हा तो साथीच्या रोगाप्रमाणे पसरतो.

रॅम पुरेशी आहे काय, हेही टास्क मॅनेजरमध्ये दिसते. ती पुरली नाही की संगणक आपले तात्पुरते काम हार्ड डिस्कवर करू लागतो, आणि डिस्क तर आधीच मंद. २ जीबी रॅमवर आजचे काम भागत नाही. ४ किंवा ८ जीबी असावी. नवी पट्टी जुन्याच जातीची, म्हणजे डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ३ च, घ्यावी लागते; खाच वेगळी असल्याने दुसरी बसत नाही. विंडोज ३२ बिटची असल्यास ४ जीबीहून अधिक रॅम घालणे व्यर्थ होय.

शाळांच्या बाबतीत आणखी एक कारण विशेष आढळते. पंधरवड्यातून एकदा उघडलेला संगणक उघडताच पंधरा दिवसांची थकलेली अद्ययावतीकरणे उतरवू लागतो, आणि ती नेमकी तासिकेच्या वेळी. तो यंत्राचा दोष नव्हे, सवयीचा आहे. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास संगणक इंटरनेटला जोडून चालू ठेवावा, म्हणजे सोमवारी मुलांची तासिका मोकळी राहते. तसेच विंडोज ८ व त्यापुढील संगणक ‘शट डाउन’ केल्यावर पुढच्या वेळी लवकर उठण्यासाठी आपली काही स्थिती जपून ठेवतो. त्यामुळे जुनी गडबडही तशीच राहू शकते. संगणक विचित्र वागू लागल्यास एकदा ‘रिस्टार्ट’ करावा; खरी नवी सुरुवात तीच.

७. जुनी कार्यप्रणाली व निर्लेखन

विंडोज एक्सपीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. असे संगणक बंद पडत नाहीत. परंतु मुलांची माहिती भरण्यासाठी ते इंटरनेटला जोडणे सुरक्षित राहत नाही. विंडोज ११ च्या अटी बहुतेक जुन्या यंत्रांना पुऱ्या होत नाहीत. अशा वेळी लिनक्सवर आधारलेली हलकी, विनामूल्य कार्यप्रणाली वापरून पाहता येते. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक असून तीत भारतीय भाषांची सोय आहे. पुसापुशी करण्यापूर्वी काही प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. शाळेचे छपाईयंत्र व मराठी टंकन तीवर चालते की नाही, याची खात्री करून मगच बदल करावा.

इतके करूनही यंत्र उपयोगी ठरले नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा. वर सांगितलेली वेळेची वही त्या प्रस्तावास उत्तम पुरावा होईल. हार्ड डिस्कमधील मुलांची माहिती नष्ट केल्यावाचून यंत्र शाळेबाहेर जाऊ देऊ नये. भंगारवाल्यासही ते देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांना धरून ते अधिकृत पुनर्चक्रणाकडेच गेले पाहिजे. जुन्या यंत्रांत शिसे व इतर विषारी द्रव्ये असतात, आणि ती जाळल्याने गावचीच माती व पाणी बिघडते.

८. थोडक्यात क्रम

(१) मजकुराची व फाँटांची प्रत घ्यावी.
(२) तीन टप्प्यांचा वेळ तीन दिवस मोजून लिहावा.
(३) तारा, यूपीएस, विसरलेला पेनड्राइव्ह पाहावा.
(४) धूळ काढावी, रॅमची पट्टी स्वच्छ करावी, सेल बदलावा.
(५) आगंतुक प्रोग्रॅम थांबवावेत, ड्राइव्ह मोकळा करावा, विषाणू तपासावा.
(६) त्यानंतरच एसएसडी व गरज असल्यास रॅम यांवर खर्च करावा आणि त्याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत करावी.
(७) सर्व पुसून नव्याने भरणे हा उपाय शेवटी, आणि प्रत हाती असल्याची खात्री झाल्यावरच.

या कामात मुलांनाही वाटा देता येईल. सहावी-सातवीच्या मुलांनी घड्याळ हाती घेऊन तीन टप्प्यांचे सेकंद वहीत लिहावेत, महिन्याची सरासरी काढावी, उपायापूर्वीचे व नंतरचे आकडे आलेखावर मांडावेत. गणिताच्या पुस्तकातील सरासरी व आलेख त्यांना तेथे जिवंत भेटतील. त्याहून मोठी गोष्ट अशी की, एखादे काम अडले म्हणजे नशिबाला किंवा यंत्राला दोष न देता ते कोठे अडले हे मोजून पाहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी व फरक नोंदवावा, ही शास्त्रीय दृष्टी त्यांच्या अंगवळणी पडेल.

ज्या शाळेतील ओव्या पुसल्या गेल्या, त्या शाळेने पुढील वर्षी पुन्हा वही घातली. ज्या घरांतून आज्या होत्या, तेथे मुले पुन्हा गेली. जेथे त्या उरल्या नव्हत्या, तेथे आईला जेवढे आठवले तेवढे लिहून आणले. आता दर महिन्याच्या अखेरीस त्या मजकुराची प्रत केंद्रशाळेत जाते, आणि संगणकाशेजारी खिळ्याला टांगलेल्या वहीत मुले रोजचा वेळ लिहितात. यंत्र जुनेच आहे; परंतु तासिकेची घंटा होते, तेव्हा ते तयार असते.